अंड्यापासून फण्यापर्यंत : कल्पित नागांची दोन चरित्रे

कल्पित प्राण्याच्या जाती ठरवायच्या, त्याचे अंडे कसे, पिल्लू कसे वाढते, हे शास्त्राच्या थाटात लिहायचे, ही हौस इंग्रजी अद्भुतकथेची समजली जाते. जे. के. रोलिंग यांच्या २००१ मधल्या जादुई प्राण्यांच्या पुस्तिकेत ड्रॅगनच्या दहा जाती आहेत. आपल्याकडे हा उद्योग फार जुना. प्राणी तेवढा नाग.

भविष्यपुराणाच्या ब्राह्मपर्वात तो सविस्तर सापडतो. नागीण पावसाळाभर गर्भ वाहते, कार्तिकात २४० अंडी घालते आणि स्वतःच ती खात सुटते, थोडी वाचतात. अंड्याच्या रंगावरून नर, मादी, नपुंसक ओळखायचे. सहा महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात, सात दिवसांत दात, एकवीस दिवसांत विष, आयुष्य १२० वर्षे. शिवाय नागांनाही चार वर्ण! माणसाची उतरंड बिळापर्यंत नेण्याचा हा सोस मला या प्रकरणातला सर्वांत हिणकस भाग वाटतो.

पण आकड्यांचे काय? मला वाटते, ते भीतीला घातलेले कुंपण आहे. पोटची अंडी आईच खाते, म्हणजे सापांची संख्या आवाक्यात राहते. विष यायला एकवीस दिवस लागतात, म्हणजे तेवढे दिवस आपण निर्धास्त. कल्पना म्हणून हे सुरेख आहे. शेतात मात्र घातक. नागाचे पिल्लू अंड्यातून निघते तेच विष घेऊन. घोणस तर अंडी घालतच नाही, थेट पिल्लेच देते. ‘लहान आहे अजून’ म्हणत पिल्लाला काडीने डिवचणारे मी आमच्या जालना जिल्ह्यात पाहिले आहेत. त्यांनी पुराण वाचलेले नसते. दिलासा तोच असतो.

दुसरे चरित्र नागपंचमीच्या कहाणीतले. शेतकऱ्याच्या नांगराखाली वारुळातली पिल्ले मरतात. नागीण परतते, डूख धरते, रात्री घरातल्या सगळ्यांना डसते आणि मग सासरी असलेल्या लेकीकडे निघते. लेक पाटावर नाग काढून पूजा करत असते, म्हणून वाचते. माहेरची माणसेही जिवंत होतात.

या कहाणीत ना जाती, ना दिवसांचे हिशेब. तरी प्राण्याची ओळख हिलाच अधिक आहे. नागाची मादी अंडी खात नाही, राखते. ती घालते साधारण एप्रिल ते जुलैदरम्यान आणि पिल्ले निघायला दीड ते सव्वादोन महिने लागतात. म्हणजे कपाशी-सोयाबीनमध्ये खुरपणी-कोळपणी चालू असते, त्या श्रावणाच्या सुमारास रानात पिल्ले असतात. नेमके तेव्हाच, एक दिवस, जमिनीला लोखंड लावायचे नाही असा आपला रिवाज. पुराणाचा कार्तिक या वेळापत्रकात कुठेच बसत नाही.

कहाणीचा शेवट मात्र मला पटत नाही. दूध-लाह्यांवर नागिणीचा राग उतरतो (साप दूध पीत नाही, ते सोडा), मेलेली माणसे उठतात. पिल्लांचे काय, हे कहाणी विचारत नाही. ती उठत नाहीत. व्रताची फलश्रुती सांगायच्या घाईत कहाणी स्वतःचाच आरंभ विसरते. आणि आरंभी तर शेतकऱ्याचा दोष एवढाच होता, की नांगराच्या फाळाखाली कुणाचे घर आहे हे त्याला दिसले नव्हते.