‘बॅरिस्टर’ : निदान आणि दुसरे मत
जयवंत दळवी यांच्या ‘बॅरिस्टर’ (1977) या नाटकाचा ‘आनुवंशिक वेडाची शोकांतिका’ असा अन्वयार्थ सहज लावला जातो. घराण्यात वेड आहे. ते विलायतेत शिकून आलेल्या नायकालाही गाठील, ही भीती आहे. आणि अखेरीस ते त्याला गाठते. ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीतून आकाराला आलेल्या संहितेचा हा सारांश चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. हे निदान मुळात कोणाचे, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही.

नाटकाला गती देणारे निदान वैद्यकाच्या परिभाषेतले नाही. ते वाड्याच्या स्मृतीतून, रक्ताच्या नात्यातून आलेले आहे. ‘वेड’ हा येथे रोगवाचक शब्द नसून कुळवाचक शब्द आहे. म्हणूनच त्याला लक्षणांचा पुरावा लागत नाही, वंशावळ पुरते. बॅरिस्टर विधवेच्या केशवपनासारख्या रूढीविरुद्ध उभा राहू शकतो, म्हणजे परंपरेने इतरांना दिलेल्या निवाड्यावर तो अपील करतो. स्वतःवरील निवाडा मात्र तो पहिल्याच सुनावणीत मान्य करतो. उलटतपासणी हा ज्याचा व्यवसाय, त्याने ती स्वतःच्या बाबतीत टाळावी, या विसंगतीत नाटकाचे खरे शोकात्म बीज आहे.

ही विसंगती त्या काळाच्या चौकटीतही जाणवते. 1912 च्या भारतीय वेडविषयक कायद्यानुसार नातेवाइकाच्या अर्जावरून कोणास वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यासाठी दोन वैद्यकीय दाखले लागत, आणि तेही वेगवेगळ्या कागदांवर. एकाच्या मताने माणसाचे स्वातंत्र्य जाऊ नये, ही सावधगिरी वसाहतीच्या कायद्यालाही सुचली होती. दळवी ज्या आरवलीचे, त्या सिंधुदुर्गाच्या गावगाड्यातही गाऱ्हाणे घालून कौल लावण्याची रीत आहे. पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावर उत्तर ठरते; परंतु प्रश्न बदलून कौल पुन्हा लावता येतो. वाड्याच्या निदानाला ना दुसरा दाखला आहे, ना दुसरा कौल.

येथे दोन टोके टाळली पाहिजेत. मिशेल फुको यांच्या 1961 च्या ग्रंथानंतर वेड ही केवळ समाजाने घडविलेली कोटी मानण्याकडे काही समीक्षेचा कल झाला. त्या कलाने पाहिले तर बॅरिस्टरचे दुःख केवळ रूपक ठरते, आणि हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय. दुसरे मत म्हणजे आजाराचा इन्कार नव्हे. ते पहिल्या मताला दुजोराही देऊ शकते. दुसरे टोक नियतिवादाचे. आनुवंशिकता असते, पण ती संभाव्यतेच्या भाषेत बोलते. आईवडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता सुमारे 10 टक्के मानली जाते. वाडा मात्र शक्यता जाणत नाही. तो केवळ निश्चिती जाणतो.

या दृष्टीने नाटकाचा शेट संदिग्ध ठरतो. बॅरिस्टरचे वेडे होणे हे रक्ताने केलेले भाकीत खरे ठरणे आहे, की आयुष्यभर त्या भाकिताच्या सावलीत जगल्याचा परिणाम? संहिता कोणताही एक पर्याय निर्णायकपणे सिद्ध करीत नाही. तो शेवट म्हणजे आनुवंशिकतेचा पुरावा असे समजणारा वाचक वाड्याच्याच निदानावर सही करतो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमाने सामाजिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा निदानाचा आधार असू नये, तसेच पूर्वीचे उपचार एवढ्यावरून आजचा आजार ठरवू नये, असे म्हटले आहे. जेथे माणसाचा स्वतःचाच भूतकाळ निर्णायक नाही, तेथे त्याच्या पित्याचा वा भावाचा कसा असेल? हा प्रश्न बॅरिस्टरने विचारला नाही. त्याच्या वतीने तो विचारणे हे समीक्षेचे काम आहे. उत्तर कदाचित तेच येईल, परंतु ते तपासून आलेले असेल.