घरच्या शाळेचीं पुस्तकें

भिवंडींत मुलांस घरींच शिकवूं पाहणारे आईबाप बाजारांतून प्रथम मार्गदर्शिकांचा गठ्ठा आणितात. प्रश्न पडण्याआधींच उत्तर हातीं देणारें पुस्तक घरांत काय कामाचें? 'बालभारती'चीं पाठ्यपुस्तकें त्यांहून पुष्कळ बरीं, आणि तीं इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. परंतु तीं भरल्या वर्गाकरितां रचलेलीं. गटांत चर्चा करण्याची सूचना वाचून घरीं एकटें बसलेलें मूल कोणाकडे पाहील? त्याच संस्थेचें 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतें. तें मात्र एकट्यानेंच वाचावें असें आहे.

आमच्या मतें सर्वांत मोलाचें अरविंद गुप्ता यांचें आगकाड्यांच्या प्रतिकृतींचें पुस्तक. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढेंच साहित्य. जोडलेला चौकोन बोटानें दाबतांच कलतो, त्रिकोण ढळत नाहीं. यंत्रमागाच्या शेडवरील लोखंडी कैच्या त्रिकोणीच कां, हें मुलास न सांगतां उमगतें. अडचण एकच: अशा पुस्तकाशेजारीं बसण्यास कोणी मोठें माणूस लागतें, आणि जेथें आईबाप दोघेही पाळीवर जातात, तेथें नेमकें तेंच मिळत नाहीं.