तसवीर कुणाची?

आमच्या घरात भिंतीवर माणसाचे छायाचित्र कधी लागले नाही. मक्का-मदिनेचे कॅलेंडर होते, आयतांची एक फ्रेम होती. ज्या खोलीत नमाज पढायची तिथे चेहरा नको, असा अब्बांचा कटाक्ष. तसवीर जायज की नाजायज यावर उलेमांत मतभेद आहेत. तो वाद सोडवण्याची आमची पात्रता नाही. पण अम्मी हजला निघाली तेव्हा पासपोर्टसाठी तिला स्टुडिओत बसावेच लागले. तिचा तो पहिला फोटो आणि तोच शेवटचा. ती गेल्यावर उरलेली एक प्रत अब्बांनी कागदपत्रांच्या पेटीत जपून ठेवली. त्या फोटोत अम्मी आहे, पण अम्मीचे काहीच नाही. सरकारला ओळख पटवायला चेहरा हवा होता, तेवढाच घेतला गेला.

या उणिवेपोटीच आम्ही पुढे कॅमेरा हाती घेतला. हळूहळू कळले की फोटो यंत्र काढत नाही. चौकटीत काय ठेवायचे, बाहेर काय सोडायचे, बोट कोणत्या क्षणी दाबायचे, हे माणूस ठरवतो. लेखक कोऱ्या कागदावर भर घालत जातो. छायाचित्रकाराला भरलेल्या जगातून वगळत जावे लागते. त्या वगळण्यातच त्याची निर्मिती आहे आणि जबाबदारीही.

आपल्या समाजाच्या वाट्याला हे वगळणे फार आले. ईदच्या सुमारास कोणतेही वर्तमानपत्र उघडावे, टोपी घातलेली दोन मुले गळाभेट घेताना दिसतात. दंगल झाली की जळके घर आणि रडणारी बाई. ही चित्रे खोटी नव्हेत. पण या दोन टोकांच्या मध्ये जो समाज मालेगाव-भिवंडीत माग चालवतो, शाळेत शिकवतो, कोकणात आंब्याची कलमे राखतो, तो चौकटीबाहेरच राहतो.

२००२ साली अहमदाबादेत रॉयटर्सचे अर्को दत्ता यांनी टिपलेले छायाचित्र आठवावे. डोळ्यांत पाणी, जोडलेले हात, जिवाची याचना करणारा एक तरुण. ते चित्र प्रामाणिक होते आणि त्याने जगाला हलवले. पण त्या तरुणाचे पुढे काय झाले? जिथे जाईल तिथे लोक त्याला ओळखू लागले. त्याला गाव सोडून कोलकात्याला जावे लागले. नंतर तो परतला. ज्याच्या मनाला आले त्याने तो चेहरा आपापल्या प्रचारासाठी वापरला. छायाचित्रकाराचा यात दोष नाही. तरी प्रश्न उरतोच : तसवीर कुणाची? काढणाऱ्याची, पाहणाऱ्याची, की ज्याची आहे त्याची?

याच्या शेजारी दानिश सिद्दीकी यांचे सप्टेंबर २०१७ मधले छायाचित्र ठेवावे. म्यानमारमधून समुद्रमार्गे बांगलादेशात शाह पोरीर द्वीपावर उतरलेली एक थकलेली रोहिंग्या स्त्री वाकून किनाऱ्याच्या वाळूला हात लावते आहे. मागे होडी आहे. ही बाई कुणाकडे काही मागत नाही. जमीन खरोखर पायाखाली आहे ना, एवढेच ती चाचपून पाहते. तिचे दुःख कमी नाही, पण ते तिच्या कृतीतून आपल्यापर्यंत येते. आमच्या मते हे चित्र मोठे आहे ते यामुळे. रोहिंग्यांवरील छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ साली पुलित्झर मिळाले. त्या चमूत सिद्दीकी होते. जामियात शिकलेल्या या तरुणाने २०२१ साली दिल्लीतल्या कोरोनाच्या चिताही त्याच डोळ्याने पाहिल्या. आपले दुःख आणि परके दुःख असा भेद त्या कॅमेऱ्याला माहीत नव्हता. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डक येथे ते मारले गेले. कोरोनाच्या छायाचित्रांसाठी २०२२ चे पुलित्झर सहकाऱ्यांसोबत त्यांना मरणोत्तर मिळाले.

इतरांची चित्रे अशी तपासत असताना आमची स्वतःची झाडाझडती टाळणे बरे नव्हे. मालेगावात एका वयस्क विणकरांचा फोटो आम्ही काढला होता. खिडकीतून तिरपा उजेड येत होता. पांढरी दाढी, सुरकुत्या. आम्हाला तो फार साधला असे वाटे. चार जणांनी वाहवा केली. विणकरांना प्रत द्यायचे मात्र राहून गेले. दोन वर्षांनी ती घेऊन गेलो. चाचांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘‘मुँह तो आया बेटा, मेरा काम किधर गया?’’

आम्ही फोटो पाहिला. चौकट मानेपाशी संपत होती. माग नव्हता, धागा नव्हता, हात नव्हते. आम्हीही पासपोर्टचाच फोटो काढला होता, फक्त उजेड चांगला होता.

त्या दिवशी दुसरा फोटो काढला. कुठे उभे राहायचे ते आधी चाचांना विचारले.