फावला वेळ नसलेली लेखिका

अद्भुतकथा लिहिणारी एखादी लेखिका सकाळी न्याहारीला काय घेते, संध्याकाळी कोणते संगीत ऐकते, घरातल्या मांजराविषयी तिला काय वाटते, या गोष्टींशी वाङ्मयसमीक्षेचा संबंध काय, असा प्रश्न एखाद्या करड्या समीक्षकाने विचारला तर तो अगदीच अस्थानी म्हणता यायचा नाही. लेखक मोठा झाला की त्याच्या दप्तरातील चिठ्ठ्याचपाट्याही ग्रंथरूप धारण करतात आणि भाविक वाचक त्या विकत घेतात. उर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेचे 'नो टाइम टु स्पेअर' हे पुस्तक डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मीही त्याकडे याच संशयाने पाहिले होते. पुढच्याच महिन्यात, २२ जानेवारी २०१८ रोजी, बाई वयाच्या ८८ व्या वर्षी निवर्तल्या आणि पुस्तकाभोवती अखेरच्या शब्दाचे वलय निर्माण झाले. असली वलये बाजूस सारून पुस्तक वाचणे हे समीक्षकाचे पहिले कर्तव्य. ते यथाशक्ति पार पाडल्यावर माझे मत असे झाले आहे की, या किरकोळ दिसणाऱ्या टिपणांत ल ग्विनबाईंच्या साऱ्या अद्भुतसृष्टीची गुरुकिल्ली आहे.

ज्या वाचकांचा बाईंशी परिचय नसेल त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे इष्ट होईल. त्यांचा जन्म १९२९ चा, कॅलिफोर्नियातील बर्कली येथला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे थोर पंडित, आई थिओडोरा क्रोबर स्वतः ग्रंथकर्त्री. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीने त्यांनी द्वीपसमूहांची, मांत्रिकांची आणि चतुर चतुर ड्रॅगनांची एक सृष्टी उभी केली. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) आणि 'द डिस्पझेस्ड' (१९७४) या कादंबऱ्यांनी परग्रहांच्या निमित्ताने मानवी समाजरचनेचाच विचार केला. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड या गावी पती आणि तीन मुले यांसह त्यांनी गृहिणीचा संसार केला आणि त्या संसारातच हे सारे लिहिले. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागू यांनी वार्धक्यात लिहिलेली छोटी टिपणे त्यांच्या वाचनात आली. आपल्यालाही असे काही लिहिता येईल असे त्यांना वाटले. त्या प्रेरणेतून २०१० पासून जी टिपणे त्यांनी लिहिली, त्यांतील निवडक या संग्रहात आली आहेत.

पुस्तकाचे नाव ज्या टिपणावरून पडले त्याची हकीकत मोठी मार्मिक आहे. पदवी घेऊन साठ वर्षे होत आली म्हणून हार्वर्ड विद्यापीठाने १९५१ च्या स्नातकांकडे एक प्रश्नावली पाठविली. तीत एक प्रश्न होता: फावल्या वेळात आपण काय करता? खाली उत्तरांची यादी होती आणि लागू पडेल त्यावर खूण करावयाची होती. गोल्फ, खरेदी, दूरचित्रवाणी, पत्त्यांचा डाव, आणि त्याच रांगेत चित्रकला, लेखन, छायाचित्रण इत्यादी 'सर्जनशील' उद्योग! जन्मभर जे काम केले ते गोल्फच्या शेजारी बसलेले पाहून बाई थबकल्या. मग त्यांनी विचारले की, ज्याला रोजीची नोकरी नाही अशा म्हाताऱ्या माणसाचा फावला वेळ म्हणजे तरी कोणता? उरलेल्या वेळापासून वेगळा काढावा असा वेळच त्यांना सापडेना. स्वयंपाक, बाजारहाट, वाचन, पत्रोत्तरे, झोप, विचार, या साऱ्यांनी वेळ भरलेला होता. तो जगण्यात गुंतलेला होता. येत्या आठवड्यात आपण ८१ वर्षांच्या होणार, तेव्हा फुकट घालवायला आपल्यापाशी वेळ नाही, असा निर्वाळा देऊन त्या थांबतात.

हे टिपण मी प्रथम वाचले तेव्हा मला अंमळ ओशाळल्यासारखे झाले. आपण परप्रांतात नोकरी करणारी मंडळी 'फावला वेळ' हा शब्द किती सहजपणे वापरतो! कचेरी, दौरे, बदल्या यांतून जे शिल्लक राहील ते साहित्याचे, संगीताचे, मायबोलीचे. आमच्या मंडळात निवृत्त होणाऱ्या सभासदाचा निरोपसमारंभ असला म्हणजे एक वाक्य हमखास ऐकू येते: "आता साहेबांना वेळच वेळ!" साहेब हसतात, आणि त्या हास्यात पुष्कळदा एक बारीकशी धास्ती असते. मी स्वतः माझ्या समीक्षालेखनाला वर्षानुवर्षे 'रविवारचा उद्योग' म्हणत आलो. त्यात विनय होता असे मी समजत होतो. ल ग्विनबाई वाचल्यावर कळले की त्यात विनयापेक्षा अवमान अधिक होता, आणि तो साहित्याचा नव्हे तर उरलेल्या सहा दिवसांचा होता.

बाईंच्या दिनक्रमाचा एक तपशील प्रसिद्ध आहे. १९८८ साली एका मुलाखतीत त्यांनी तो सांगितला होता. पहाटे साडेपाचला जाग येते, मग अंथरुणातच पडून विचार. सव्वासहाला उठून भरपेट न्याहारी. सव्वासातपासून दुपारपर्यंत लेखन आणि केवळ लेखन. जेवणानंतर एक ते तीन वाचन आणि संगीत. तीन ते पाच पत्रव्यवहार, जमल्यास घराची झाडलोट. पुढे स्वयंपाक आणि जेवण. रात्री आठानंतर आपली बुद्धी चालत नाही, हेही त्यांनी मिस्कीलपणे सांगून टाकले होते. या वेळापत्रकात प्रतिभेच्या साक्षात्काराला स्वतंत्र तास नाही. वाचन आणि संगीत यांना मात्र आहे, आणि तो विरंगुळ्याचा म्हणून नव्हे; झाडलोट आणि स्वयंपाक यांच्या बरोबरीने, दिवसाचे एक नेमस्त काम म्हणून आहे. पहाटे अंथरुणात पडून केलेला विचारही वेळापत्रकात नोंदवावा, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडे त्याला लोळणे म्हणतात.

संग्रहातील 'विदाउट एग' हे टिपण याच दृष्टीने पाहावे. तरुणपणी पतीबरोबर व्हिएन्नात असताना केलेल्या न्याहारीची ती आठवण आहे: उत्तम कॉफी, पाव आणि छोट्या पेल्यात उभे ठेवलेले अर्धकच्चे उकडलेले अंडे. ते अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे, सुरीचा आघात कसा असावा, चमचा केवढा हवा, याचे विवेचन बाई एखाद्या धर्मविधीच्या बारकाईने करतात. विषय क्षुल्लक आहे, पण अवधान क्षुल्लक नाही. वाचता वाचता ध्यानात येते की येथे अंड्याचे कौतुक निमित्तमात्र असून, घाई न करता एखादी गोष्ट नीट करण्यातील सुख हा खरा विषय आहे. दक्षिणेत ज्यांनी नोकरीची काही वर्षे काढली आहेत त्यांना याचा दाखला दूर शोधावा लागणार नाही. सकाळी पितळी फिल्टरमधून थेंबथेंब उतरणाऱ्या कॉफीची वाट पाहण्यात जी पाच मिनिटे जातात, ती फुकट गेली असे तेथे कोणी म्हणत नाही.

संगीतविषयक टिपणात हेच अवधान अधिक उंचीवर जाते. फिलिप ग्लास यांचे 'गॅलिलिओ गॅलिलेई' हे संगीतनाट्य आणि जॉन ल्यूथर ॲडम्स यांची 'बिकम ओशन' ही वाद्यवृंदरचना, यांचा अनुभव बाईंनी एकत्र मांडला आहे. ग्लास हे नाव आपल्याला सर्वस्वी परके असू नये; गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावर, गीतेतील मूळ संस्कृत वचने घेऊन, 'सत्याग्रह' हे संगीतनाट्य रचणारे ते हेच. त्यांचा गॅलिलिओ प्रथम भेटतो तो अंध आणि वृद्ध. मग काळ उलटा चालत जातो आणि अखेरीस एक मूल आपल्या संगीतकार पित्याची रचना ऐकत बसलेले दिसते. ऐंशी ओलांडलेल्या लेखिकेला हा उलटा प्रवास भावावा यात नवल नाही. 'बिकम ओशन'मध्ये तर कथा नाही की गायक नाही; लाटा उसळाव्यात आणि ओसराव्यात तसे स्वर येतात आणि जातात. ॲडम्स यांना या रचनेसाठी २०१४ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. बाई संगीतशास्त्राचा आव आणीत नाहीत. प्रेक्षागृहात बसलेली एक श्रोती काय ऐकते एवढेच त्या प्रामाणिकपणे सांगतात, आणि त्यामुळेच त्यांचे सांगणे विश्वसनीय होते.

वाचनाविषयी त्या अधिक अधिकाराने बोलतात. होमरवरील टिपणात त्यांनी म्हटले आहे की, अद्भुतकथेला युद्ध आणि प्रवास या दोन मूळ कथा होमरने दिल्या, आणि युद्धाची कथा सांगताना त्याने कोणा एका पक्षाची वकिली केली नाही. ग्रीक थोर, तसे ट्रॉयवासीही थोर. महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. कर्णासाठी ज्याचे डोळे एकदा तरी भरून आले आहेत, त्याला शत्रूही माणूस असतो हे ठाऊक असते. सुष्ट आणि दुष्ट यांची सोपी विभागणी करून लढाया लढविणाऱ्या आजच्या पुष्कळशा अद्भुतकथांना मात्र हा धडा अजून शिकावयाचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्याहारी, संगीत आणि वाचन यांचा ड्रॅगनांशी संबंध कोणता? त्याचे उत्तर बाईंच्या जुन्या लेखनातच आहे. १९७३ मधील 'फ्रॉम एल्फलँड टु पॉकीप्सी' या निबंधात त्यांनी एका अद्भुतकादंबरीतील संवाद घेऊन त्यातील दोनचार शब्द बदलून दाखविले, आणि राजवाड्यातील ते बोलणे वॉशिंग्टनमधील राजकारण्यांचे बोलणे म्हणून सहज खपले! त्या भाषेत अद्भुत कोठेच नव्हते, फक्त पोशाख अद्भुत होता. अद्भुत हे मुगुट आणि तलवारी यांच्यात नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आणि भाषेत असते, हे त्यांचे सूत्र. ज्याची दृष्टी समोरच्या अंड्यावर ठरत नाही त्याची ती ड्रॅगनावर तरी कशी ठरावी?

याचा पुरावा त्यांच्या कादंबऱ्यांत जागोजाग मिळतो. अर्थसीमालिकेतील 'तेहानू' (१९९०) या पुस्तकात एकेकाळचा महामांत्रिक गेड आपली सारी विद्या गमावून परततो आणि डोंगरात शेळ्या राखू लागतो. कथेच्या केंद्रस्थानी एका शेतकऱ्याची विधवा आहे. चूल, शेत आणि पोळलेले एक मूल हा तिचा संसार. मंत्र संपल्यावर जे उरते ते जगणे, आणि ते मंत्राहून कमी प्रतीचे नव्हे, हे या कादंबरीचे सांगणे. 'ऑलवेज कमिंग होम' (१९८५) मध्ये तर बाईंनी केश नावाचा एक समाज कल्पिला आणि त्याच्या कथांबरोबर कविता, विधी, खाद्यपदार्थांच्या कृती, एवढेच नव्हे तर टॉड बार्टन या संगीतकाराच्या साह्याने त्याचे संगीतही रचून घेतले. मानववंशशास्त्रज्ञाची कन्या येथे ओळखू येते. लोक काय शिजवितात आणि काय गातात हे कळल्यावाचून ते कोण आहेत हे कळत नाही, हा संस्कार घरचाच होता.

या पुस्तकात दोष नाहीत असे नाही. पार्ड नावाच्या मांजराविषयीची टिपणे मार्जारप्रेमी नसलेल्या वाचकाचा अंत पाहतात. काही ठिकाणी, विशेषतः अमेरिकन समाजाच्या खोडी काढताना, विचारापेक्षा वैताग वरचढ होतो. तत्कालीन वादांवर लिहिलेली टिपणे त्या वादांबरोबरच शिळी झाली आहेत. निवड अधिक कठोर असती तर पुस्तक लहान पण अधिक सकस झाले असते.

तरीही आपल्या लघुनिबंधाशी तुलना केली तर एक गोष्ट जाणवते. फडके आणि काणेकर यांच्या परंपरेतील निबंधात लेखकाचा 'मी' मोठा आकर्षक असतो. तो वाचकाला जिंकू पाहतो. ल ग्विनबाईंच्या 'मी'ला जिंकण्याची हौस नाही, पाहण्याची आहे. आपल्याकडे तिचे नाते जुळते ते इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'शी आणि दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्रा'शी. या विदुषींनीही शास्त्राने घडविलेली नजर दारातल्या झाडावर आणि घरातल्या माणसांवर वळविली, आणि त्यातून जे निर्माण झाले त्याला किरकोळ म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

मंडळातील पुढच्या निरोपसमारंभात चार शब्द बोलण्याची पाळी माझ्यावर आहे. 'आता वेळच वेळ' हे वाक्य मी उच्चारणार नाही, एवढे ठरविले आहे. जमल्यास सत्कारमूर्तींच्या हाती हे पुस्तक ठेवीन, आणि निवृत्तीची वाट न पाहता ते आधीच वाचले असते तर बरे झाले असते, हे माझ्यापुरते कबूल करीन.