शेवट ठाऊक असताना

तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी पुन्हा वर आल्या, ही गोष्ट देहू-आळंदीच्या पंचक्रोशीत पोराला शाळेत जायच्या आधीच कळते. आकुर्डीत पालखीचा मुक्काम पडतो तेव्हा तो ती पुन्हा ऐकतो, आणि मोठेपणी चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाताना कंटेनरच्या रांगेत बस अडकली की खिडकीतून तुकोबांचा भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. इथे गोष्टीचा शेवट सगळ्यांना पाठ आहे. मग अशा प्रेक्षकाला दिग्दर्शकाने दोन तास श्वास रोखून बसवायचं कसं? विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’मध्ये हे करून दाखवलं. मराठी पडद्यावरच्या उत्कंठेचा विचार करताना आपण रहस्यपटांकडे वळतो, राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आठवतो. माझं मन मात्र या संतपटापाशी येऊन थांबतं.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. दोन माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, तर त्या साध्या गप्पाही त्याला ऐकवत नाहीत. ताण हा माहितीतून येतो. पडद्यावरच्या माणसाला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असतं, आणि ते त्याला सांगता येत नाही म्हणून जीव कासावीस होतो.

‘संत तुकाराम’मधला बॉम्ब म्हणजे सालोमालो. बी. नांद्रेकर यांनी रंगवलेला हा पुजारी आपल्याला फार लवकर भेटतो. सुरुवातीलाच तुकाराम डोळे मिटून अभंग गातात. विष्णुपंत पागनीस यांचा तो चेहरा, तो विनाअलंकार सूर. कॅमेरा समोर शांत बसलेला. आणि मग तेच शब्द सालोमालोच्या तोंडी येतात, नखऱ्याने, हरकती घेत, स्वतःच्या नावाची मुद्रा ठोकून. दोन गाण्यांमधल्या त्या एका जोडणीत चोर कोण, धनी कोण, आणि चोराला धन्याचा इतका जाच का वाटतो, हे सगळं कळतं. एका शब्दाचंही निवेदन नाही. तिथून पुढे सालोमालोचा प्रत्येक डाव आपल्यासमोर शिजतो आणि तुकाराम त्यात निःशंक पावलं टाकत जातात. राखणीला घेतलेल्या शेतातलं पीक हातचं जातं. मोहात पाडायला गणिका पाठवली जाते. शेवटी धर्मपंडित रामेश्वरशास्त्री येतात आणि वह्या बुडवण्याचा हुकूम सुटतो.

दामले-फत्तेलाल यांची शैली कशी घडली, हे इथे पाहायला हवं. दोघेही कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. १९२९ साली प्रभातची स्थापना करणाऱ्यांत दोघेही होते. दामले यंत्रात रमणारे, ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारे. फत्तेलाल चित्रकार, कलादिग्दर्शक. त्यांचे भागीदार व्ही. शांताराम यांचा पिंड वेगळा. ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा एकच डोळा सगळा पडदा व्यापतो, आणि ती भीती आपण विसरत नाही. शांताराम यांची चौकट स्वतःच बोलते, दिग्दर्शकाची सही तिच्यावर ठळक असते. दामले-फत्तेलाल यांची सही शोधावी लागते. कॅमेरा माणसाच्या समोर, माणसाच्या उंचीवर. घरातली भांडी, गोठा, भिंतीवरचा उजेड हे सगळं ओळखीचं. चमत्कार येतो तोही याच घरगुती उजेडात. कीर्तनाला शिवाजी महाराज बसलेत, शत्रूचे शिपाई येऊन ठेपलेत, आणि कीर्तन थांबत नाही. बाहेरची धावपळ आणि आतला टाळांचा ठेका असा तो प्रसंग सरकतो. मग शिपायांना जिथे तिथे शिवाजीच दिसू लागतात. छायाचित्रणाची ती करामत आज कुणालाही उलगडेल. तरी प्रसंग टिकतो, कारण ताण त्या करामतीत नव्हताच. तो न थांबलेल्या कीर्तनात होता.

आता अडचण अशी की तुकारामांना भीतीच नाही. ज्याला काही गमवायचं नाही, त्याच्यासाठी प्रेक्षकाने घाबरायचं किती? शिवाय शेवट ठाऊक आहे. विठ्ठल धावून येणारच. एवढंच असतं तर चित्रपट भाविकांपुरता उरला असता. दिग्दर्शकांनी आणि पटकथाकार शिवराम वाशीकर यांनी ताणाची दोरी तुकारामांच्या हातून काढून त्यांच्या बायकोच्या, जिजाईच्या हातात दिली. मला या चित्रपटाचं सगळ्यात मोठं कर्तृत्व तिथे दिसतं.

गौरी यांची जिजाई खरखरीत आवाजाची, कमरेला पदर खोचलेली, सतत कामात. देवावर तिचा राग आहे, कारण देवाने तिचा संसार खाल्ला. प्रत्येक संकटात तुकाराम शांत असतात, आणि कॅमेरा आपल्याला नेतो तिच्याकडे आणि पोरांकडे. पीक गेलं, आता मुलं काय खाणार? पोरगं आजारी पडतं तेव्हा ती त्याला घेऊन देवळात जाते आणि विठोबाला वहाण दाखवते. हा प्रसंग हसवतो, आणि हसताना घसा दाटून येतो. आईला विठ्ठलाचा भरवसा नाही, आपल्याला आहे. देव पावणार हे आपल्याला ठाऊक आणि तिला ठाऊक नाही. टेबलाखालचा बॉम्ब इथे उलटा झाला आहे: प्रेक्षकाकडे धोक्याऐवजी सुटकेची माहिती आहे, आणि ती सुटका येईपर्यंत या बाईने काय सोसलं ते पाहत बसण्याचा ताण आहे. शिवाजी महाराजांचा नजराणा येतो तेव्हाही तेच. जिजाई आणि मुलं हरखून जातात. तुकाराम ते परत करणार, हे आपण जाणतो. त्या काही क्षणांत तिच्या तोंडावरचा आनंद बघवत नाही. खलनायक नाही, संकट नाही, घरात आलेलं वैभव आहे, आणि तरी आपण धास्तावलेले. इतका कोवळा ताण मी फार थोड्या चित्रपटांत पाहिला आहे.

ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच वर्षी हिचकॉक यांचा ‘सॅबोटाज’ आला. त्यात नकळत बॉम्ब घेऊन निघालेला मुलगा बसमध्ये मारला जातो. ती आपली चूक होती, असं हिचकॉक पुढे सांगत. प्रेक्षकाला इतकं ताणल्यावर मोकळं करायला हवं होतं. दामले-फत्तेलाल मोकळं करतात. धान्य भरतं, मूल बरं होतं, वह्या परत येतात. पण जिजाईचा ताण ते शेवटपर्यंत सोडवत नाहीत. तुकाराम वैकुंठाला निघतात, तिलाही बोलावतात, आणि ती घरच्या कामातून उठत नाही. विमान आकाशात गेल्यावर मागे कोण उरलं, हा प्रश्न चित्रपट आपल्या पदरात टाकतो. भाविक प्रेक्षकांपुढे, त्या काळात, हा शेवट ठेवायला धैर्य लागलं असेल.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. केशवराव भोळे यांच्या संगीतात शांताराम आठवले यांनी लिहिलेलं ‘आधी बीज एकले’ तर लोकांनी तुकोबांचंच समजून आपलं केलं. पुढे १९४० साली याच जोडीने ‘संत ज्ञानेश्वर’ केला, म्हणजे देहूनंतर आळंदी. त्यात भिंत चालते, रेडा वेद म्हणतो, शाहू मोडक यांचा चेहरा लोभस आहे. कारागिरी तिथे अधिक सफाईदार असेल, पण त्यात जिजाई नाही, आणि ती उणीव मला प्रत्येक वेळी जाणवते.

पुण्यात प्रभातच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि देहूत गाथा मंदिराच्या भिंतींवर अभंग कोरलेले आहेत. दोन्ही ठिकाणं पिंपरी-चिंचवडपासून तासाभराच्या आत. ज्यांनी हा चित्रपट लहानपणी देवाचा सिनेमा म्हणून पाहिला असेल, त्यांनी तो आता पुन्हा पाहावा. तुकारामांकडे पाहायला कुणी सांगायला नको. या खेपेला नजर जिजाईवर ठेवा.