‘पमाद’ म्हणजे केवळ चूक नव्हे

मराठीत ‘प्रमाद’ म्हणजे चूक. छपाईत अक्षर चुकले की ‘मुद्रणप्रमाद’ म्हणून आपण क्षमा मागतो. हा अर्थ इतका रुळला आहे की पाली ‘पमाद’ या शब्दालाही तोच चिकटवला जातो. कुठे त्याचा ‘आळस’ असाही अर्थ केला जातो. आमच्या मते हे दोन्ही अर्थ अपुरे आहेत.

‘मद्’ धातूला ‘प्र’ उपसर्ग लागून हा शब्द सिद्ध झाला. मद, मद्य, मादक, उन्माद ही त्याच धातूची कुळे. म्हणजे शब्दाच्या मुळाशी चूक नसून धुंदी आहे. आळसासाठी पालीत ‘कोसज्ज’ हा वेगळा शब्द आहे. अभिधम्मपिटकातील ‘विभंग’ ग्रंथानुसार काया, वाचा, मन यांच्या दुराचरणात व पाच कामगुणांत चित्त मोकाट सोडणे आणि कुशल धम्मांच्या भावनेत हयगय करणे म्हणजे पमाद. चूक हे त्याचे फळ होय.

अंगुलिमालाचे उदाहरण घ्यावे. मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात तो आपल्या पूर्वायुष्याला पमादाचे आयुष्य म्हणतो. माणसांमागे धावून त्यांचे प्राण घेणारा हा मनुष्य आळशी खासच नव्हता. आणि त्या हत्यांना नुसती ‘चूक’ कोण म्हणेल?

पाचव्या शीलात ‘मज्ज’ आणि ‘पमाद’ हे एकाच धातूचे दोन शब्द जवळजवळ येतात. आपण मात्र ‘दारू पिणार नाही’ एवढाच अर्थ सांगून थांबतो. मद्य वर्ज्य का, याचे उत्तर ‘पमादट्ठान’ या शब्दातच आहे : ते बेसावधपणाचे स्थान आहे. अंगुत्तर निकायात तर तारुण्य, आरोग्य आणि जीवित यांचेही मद सांगितले आहेत. दारूला न शिवणारा मनुष्यही पदाच्या व प्रतिष्ठेच्या मदात प्रमत्त असू शकतो, हे आपण विसरता कामा नये.

धम्मपदाचा दुसरा वग्ग अप्पमादाचा आहे. महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांच्या अंतिम उपदेशातही हाच शब्द आहे. पमाद म्हणजे चूक मानली, तर तो उपदेश ‘चुकू नका’ एवढाच उरतो. आळस मानला, तर ‘कष्ट करा’ एवढाच. वस्तुतः तो अखंड सावधतेचा आदेश आहे. म्हणून अनुवादकांनी ‘अप्रमाद’ हा शब्द कायम ठेवून ‘सावधता’ असा त्याचा खुलासा करावा, असे आम्ही सुचवितो. धम्मात शब्दाचा अर्थ सैल झाला की आचरणही सैल होते.