दत्तक, स्वयंदत्त आणि द्व्यामुष्यायण : ख्रिस्ती मराठी लेखनातील पुत्रत्वाचा विचार

परभाषेतील एखादी कल्पना आपल्या भाषेत आणताना अनुवादक शब्द निवडतो, तेव्हा तो एकटा शब्द कधीच आणीत नाही. त्या शब्दाचे गणगोतही त्याच्या मागोमाग घरात येते. मराठी बायबलातील ‘दत्तक’ हा शब्द ह्याचे एक उत्तम उदाहरण होय. श्रद्धावंत मनुष्य हा जन्माने नव्हे, तर कृपेने देवाचे लेकरू ठरतो, ही पौलाची शिकवण. ती सांगण्यासाठी मराठीने जो शब्द वापरला, तो आमच्या धर्मशास्त्रात, न्यायालयांत आणि संस्थानांच्या इतिहासात शतकानुशतके झिजलेला आणि तापलेला शब्द आहे. आपल्या ख्रिस्ती लेखकांनी ह्या शब्दाचे ओझे कितपत ओळखले आणि कितपत पेलले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न करावयाचा आहे.

पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुत्र म्हणून स्थापना’ असा आहे. रोम, गलती आणि इफिस येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत मिळून तो पाच वेळा येतो. रोमन समाजात दत्तक घेतला जाई तो बहुधा वाढलेला पुरुष. त्यामागे वात्सल्यापेक्षा वारसाचा विचार प्रधान असे. ऑगस्टसने इसवी सन ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतले, तेव्हा टायबेरियस चाळिशी ओलांडलेला होता. अर्थात पौलाच्या वाचकांना ह्या शब्दात पाळणा दिसत नसे. नवे नाव, नवे घर आणि नवा वारसा दिसे. ह्याच्या जोडीला पौल आणखी एक भेद करतो : घरात दास असतो आणि पुत्र असतो. दास भीतीने राबतो, पुत्र हक्काने हाक मारतो.

ही कल्पना मराठीत आली तेव्हा तिला भेटलेले दत्तकशास्त्र मुख्यतः काशीत घडलेले होते, आणि ते घडविण्यात दक्षिणेतून गेलेल्या घराण्यांचा मोठा वाटा होता. पैठणचे भट्ट घराणे सोळाव्या शतकात काशीस स्थायिक झाले; त्याच घराण्यातील नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ पुढे पश्चिम हिंदुस्थानातील न्यायालयांत प्रमाण ठरला. काशीच्या धर्माधिकारी घराण्यातील नंद पंडितांची ‘दत्तकमीमांसा’ तर १८२१ साली सदरलंडच्या इंग्रजी भाषांतरामुळे साऱ्या देशभर वकिलांच्या हाती गेली. ह्या ग्रंथांनुसार स्मृतींनी सांगितलेल्या बारा प्रकारच्या पुत्रांपैकी कलियुगात दोनच ग्राह्य : औरस आणि दत्तक. ख्रिस्ती सिद्धान्ताचीही मांडणी नेमकी हीच आहे, हे पाहून आश्चर्य वाटते. तेथेही औरस एकच. बाकी सगळे दत्तक.

परंतु साम्य येथपर्यंतच. पुढे तीन ठिकाणी वाटा फुटतात. शास्त्रात दत्तकाची गरज पित्याला असते : पिंड हवा, वंश हवा. पौलाच्या पित्याला पुत्राची उणीव नाही. त्याचा औरस घरातच आहे. गरज आहे ती घेतल्या जाणाऱ्याची. दुसरे, एकुलता एक पुत्र देऊ नये आणि घेऊ नये, अशी वसिष्ठाची आज्ञा आहे. उलट ख्रिस्ती श्रद्धेचा सारा डोलारा एकुलता एक देण्यावरच उभा आहे. तिसरे, दत्तकानंतर औरस जन्मला तर दत्तकाचा वाटा चतुर्थांशावर येतो, असे वसिष्ठ सांगतो. पौल मात्र दत्तकांना औरसाचे सहवारस म्हणतो, आणि त्या वारशात वैभवाच्या आधी दुःखाचा वाटा घालतो. ‘दत्तक’ हा शब्द वापरणाऱ्या मराठी उपदेशकाने हे तीन भेद स्पष्ट केले नाहीत, तर श्रोत्याच्या मनात देव म्हणजे कुणी निपुत्रिक जहागीरदार ठरण्याचा धोका आहे.

शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘दत्तक’ हा शब्द मराठी कानांना निरुपद्रवी राहिलेला नव्हता. १८४८ साली साताऱ्याच्या छत्रपतींच्या निधनानंतर त्यांचे दत्तकविधान कंपनी सरकारने मानले नाही. १८५४ साली झाशी त्याच न्यायाने खालसा झाली. त्या झाशीची राणी काशीत जन्मलेली होती. ज्या राज्यकर्त्यांचा धर्म दत्तकाला औरसाइतका वारसा देतो, त्यांची राजनीती दत्तकाला वारसाच नाकारते, हा विरोध तत्कालीन मनाला बोचला नसेल असे म्हणवत नाही.

ह्याच १८४८ साली काशीतला एक तरुण चित्पावन पंडित जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. त्याचेही नाव नीलकंठच : नीलकंठशास्त्री गोरे, पुढचे फादर नेहेम्या गोरे. जन्म १८२५चा, झाशीकडचा; वाढ आणि अध्ययन काशीतले. धर्मांतरापूर्वी त्यांनी जॉन म्यूर ह्यांच्या ‘मतपरीक्षे’ला उत्तर म्हणून ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला होता. धर्मांतरानंतर ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला. १८६२ साली फिट्झएडवर्ड हॉलने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. गोऱ्यांची मातृभाषा मराठी. पण त्यांचे मोठे ग्रंथ संस्कृत, हिंदी आणि इंग्रजी ह्या भाषांत असल्यामुळे आमच्या वाङ्मयेतिहासात त्यांना ओसरीवरच बसविले जाते.

‘षड्दर्शनदर्पण’ सामान्यतः खंडनग्रंथ म्हणून वाचला जातो, आणि तो तसा आहेही. दर्शनांची मांडणी करताना गोरे पुष्कळदा त्यांतील एकच सूत्र पकडून बसतात आणि त्यामागील साधनेचा अनुभव दृष्टीआड करतात, हा दोष मान्य करावयास हवा. परंतु त्यांच्या वेदान्तखंडनाचा गाभा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जीव जर मुळातच ब्रह्म असेल, तर तो कुणाचा पुत्र होणार? अभेदात नाते नाही. आणि नाते नाही तेथे कृतज्ञता, अपराध, क्षमा ह्यांनाही जागा नाही. गोऱ्यांना ईश्वर आणि जीव ह्यांतला भेद हवा आहे, तो जीवाला दूर लोटण्यासाठी नव्हे, तर त्याला जवळ घेता यावे म्हणून. ‘दत्तक’ ह्या कल्पनेचे सामर्थ्यही येथेच आहे. ती अभेद आणि दास्य ह्यांच्या मधली तिसरी जागा दाखविते. दत्तक हा पित्याहून भिन्न असतो, हे कुणी लपवीत नाही. तरीही तो पुत्रच असतो.

गोऱ्यांच्या जातीच्या दृष्टीने मात्र ते दत्तक नव्हतेच. फार तर ‘स्वयंदत्त’ होते. शुनःशेपाप्रमाणे आपण होऊन परक्याच्या मांडीवर जाऊन बसलेला हा पुत्रप्रकार कलियुगात वर्ज्य. आईबापांनी दिल्यावाचून दान नाही, आणि दानावाचून दत्तक नाही. १८५०च्या २१व्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा मिळकतीवरील हक्क राखला. पंक्तीतले पान राखणे कोणत्याही कायद्याच्या हाती नव्हते. ह्या आक्षेपाला ख्रिस्ती उत्तर असे : मनुष्य स्वतःला देत नाही, पिताच त्याला घेतो. आणि वयाचा प्रश्न काढला, तर दत्तकाच्या वयावर कडक मर्यादा घालणारे नंद पंडित येथे उपयोगी नाहीत. विवाहित आणि पुत्रवान पुरुषही दत्तक होऊ शकतो, हे मत नोंदविणारा ‘मयूख’ जवळचा ठरतो. तेविसाव्या वर्षी नव्या घरात गेलेल्या काशीच्या एका नीलकंठाची सोय काशीच्याच दुसऱ्या नीलकंठाने दोन शतके आधी करून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि खरा प्रश्न पुढेच आहे. दत्तकाचे शास्त्रात दोन प्रकार आहेत. ‘शुद्ध’ दत्तकाचा जनकाच्या गोत्राशी आणि रिक्थाशी संबंध संपतो. ‘द्व्यामुष्यायण’ हा मात्र दोन्ही पित्यांचा पुत्र असतो. दोन्ही घरांचे पिंड त्याला द्यावे लागतात. मराठी ख्रिस्ती माणूस ह्यांपैकी कोणता? ‘षड्दर्शनदर्पणा’ची भूमिका शुद्ध दत्तकाची आहे : जन्मघराचा हिशेब पुरा करून बाहेर पडलेल्या मुलाची. परंतु तो हिशेब त्याच घरी शिकलेल्या न्यायपद्धतीने मांडलेला आहे. पंडिताची शिस्त, वादाची रीत, पुढे पत्करलेले विरक्त जीवन हे सारे त्यांनी बरोबरच नेले. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीला ब्राह्म मताकडून ख्रिस्ती श्रद्धेकडे वळविण्यात गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे रमाबाईंनीच सांगून ठेवले आहे. एका शास्त्र्याच्या मुलीला दुसऱ्या शास्त्र्याचाच युक्तिवाद पटावा, ह्यातच जन्मघराचे ऋण दिसते.

गोऱ्यांच्या मुलीच्या आयुष्यात तर हा प्रश्न रूपक म्हणून उरतच नाही. एलन लक्ष्मी गोरे हिचा जन्म १८५३ साली काशीत झाला. आई लवकरच वारली. मुलगी प्रथम एका निळीच्या मळेवाल्याच्या घरी आणि १८५७च्या उलथापालथीनंतर स्टॉर्स ह्या मिशनरी कुटुंबात वाढली. तिचे शिक्षण इंग्लंडात झाले, १८८० साली ती हिंदुस्थानात परतली, आणि १८८३ साली तिचा इंग्रजी भक्तिगीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला. मुलीला दत्तक घेता येते असे नंद पंडित म्हणतात आणि शांता व पृथा ह्यांचे दाखले देतात. ‘मयूख’ ते मानीत नाही. एलनच्या गीतांत ईश्वराच्या सान्निध्यातील आश्रय हा भाव वारंवार येतो. तिला केवळ धार्मिक संकेत समजणे चूक ठरेल. घरामागून घर बदललेल्या मुलीचा तो शब्द आहे. भाषा दत्तक घराची, परंतु ‘लक्ष्मी’ आणि ‘गोरे’ ही दोन्ही नावे तिने टाकली नाहीत. परतून आल्यावर तिने अलाहाबादेस अनाथ मुलींची सेवा पत्करली. घेतलेले मूल घेणारे झाले. द्व्यामुष्यायणाचे दुहेरी कर्तव्य ह्याहून वेगळे काय असते?

मराठी कवितेत हे कर्तव्य ओळखले ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीने ख्रिस्ताला गुरू म्हटले आणि माउली म्हटले. अभंग हा त्यांनी जन्मघरातून आणलेला वारसा. ह्यामुळे ख्रिस्ती मराठी स्तोत्राला ओल आली, हे निर्विवाद. परंतु एक किंमतही द्यावी लागली. वारकरी परंपरेत लेकरू हे माउलीचे असतेच. त्याला कुणी दत्तक घ्यावे लागत नाही. ‘माउली’ ह्या शब्दाबरोबर ती सहजता टिळकांच्या अभंगात येते, आणि दत्तकविधानातला तो निर्णायक क्षण, म्हणजे जुने नाव सुटणे आणि नवी जबाबदारी अंगावर पडणे, काहीसा विरघळतो. ही उणीव टिळकांनी कवितेपेक्षा कृतीने भरून काढली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त तर सिद्धान्ताची चर्चा जवळजवळ नाहीच, सोवळ्यात वाढलेली एक बाई बाप्तिस्म्याच्या आधीच जातिभेदाचा विटाळ मनातून काढून टाकते आणि कुणाच्याही हातचे अन्न घेऊ लागते, एवढेच आहे. पण पुत्रत्वाची जबाबदारी म्हणजे काय, ह्याचे इतके नेमके विवेचन मला अन्यत्र आढळले नाही. पित्याने ज्यांना घेतले, त्यांना भाऊ मानण्यास नकार देणारा दत्तक स्वतःचेच विधान रद्द करीत असतो.

हा निकष आजही कठोर आहे. एकाच पित्याच्या घरात जात विचारली जाते, अशी तक्रार दलित ख्रिस्ती लेखक करतात. आणि १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जाही मिळत नाही. म्हणजे जन्मघराने वाटा नाकारलेला आणि दत्तक घराने चतुर्थांशावर ठेवलेला असा हा पुत्र आहे. दुसरा विपर्यास कायद्याचा. १९५६च्या दत्तक कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेण्याची मुभा दिली. ख्रिस्ती कुटुंबांना मात्र दीर्घकाळ १८९०च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. बालन्याय कायद्याने, २००० साली आणि त्याच्या २००६च्या दुरुस्तीने, तो मार्ग सर्व धर्मांना खुला केला. ज्यांची सारी ओळख ‘दत्तक’ ह्या एका शब्दावर उभी, त्यांनाच दत्तक घेण्याचा कायदा सर्वांत उशिरा लाभावा, ह्या विसंगतीवर आमच्या ललित लेखनात काहीच का उमटले नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

समीक्षकांकडेही थोडे येणे आहे. ख्रिस्ती मराठी वाङ्मय हे प्रकरण वेगळे काढून इतिहासाच्या शेवटी जोडण्याची जी रीत पडली आहे, ती ह्या लेखकांना शुद्ध दत्तक मानणारी आहे : गेले ते त्या घरचे झाले. वस्तुतः त्यांनी दोन्ही घरांचे ऋण फेडले. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ची कादंबरी हिंदू विधवांच्या दुःखावर आहे. तिचा पिंड कोणत्या घराला पोचला? काशीतील पंडितांनी दोन पित्यांच्या पुत्रासाठी एक लांबलचक, उच्चारायला अवघड शब्द सांभाळून ठेवला. तो आपल्या वाङ्मयविचारात वापरात आणला, तर ओसरीवरची काही माणसे माजघरात येतील. आणि त्यांनाही आपण कुणाचे आहो हे सांगताना एका घराचे नाव गाळावे लागणार नाही.